पालथं सूप

नवी सून घरात आली की सासू तिला काय काय दाखवते. नळाला पाणी कधी येतं, शेगडीचं कुठलं बटण रुसतं, देवाजवळचा दिवा कुणी लावायचा. मीही माझ्या सुनेला हे सगळं दाखवलं. सुपाचं तेवढं सांगायचं राहिलं, आणि त्यापायी निपाणीतल्या आमच्या गल्लीचं काम एके दिवशी सकाळी सकाळीच बंद पडलं. ही हकिकत मी इतक्या वेळा सांगितली आहे की मी सुरुवात केली रे केली, की सून आतल्या खोलीतून ‘पुरे की आत्या’ म्हणून ओरडते. आज ती बाहेर गेली आहे, तेवढ्यात लिहून काढते.

मी बिडी कामगार. काय करता म्हणून कुणी विचारलं, तर पूर्वी आमच्यातल्या काही बायका ‘घरीच असते’ असं सांगायच्या. मला त्याचा राग यायचा, अजून येतो. घरी असते म्हणजे काय? मांडीवर सूप, सुपात टेंभुर्णीचं पान आणि तंबाखूचा जर्दा, हातात कात्री, आणि पाठ इतकी वाकलेली की संध्याकाळी सरळ करताना देव आठवतो. याला घरी असणं म्हणत नाहीत. आम्ही कामगार आहोत. आम्हाला फंड आहे, बोनस आहे, बाळंतपणाची रजा आहे, दुखण्याखुपण्याला दवाखाना आहे, आणि यातलं काहीही कुणी प्रेमानं आणून हातावर ठेवलेलं नाही. माझ्या सासूच्या पिढीनं ते भांडून घेतलं आणि आमच्या पिढीनं ते हातचं जाऊ दिलं नाही. हे लिहितानासुद्धा माझी मान जरा ताठ झाली. होऊ दे. लिहिण्याची सवयही मला युनियननंच लावली. सातवीत शाळा सुटली होती, पुढं निवेदनं आणि पत्रकं खरडून खरडून हात बसला.

तर सूप. धान्य पाखडायचं असतं तसंच आमचं बिड्या वळायचं सूप, बांबूचं. दिवसभर ते मांडीवर असतं. काम संपलं की तळहातानं दोन थापा मारून त्यातली भुकटी झाडायची आणि सूप भिंतीच्या खिळ्याला अडकवायचं. आमच्या गल्लीत सूप बाहेर कट्ट्यावर पालथं घालत नाहीत. पोराटोरांनी खेळताना घातलं तर पाठीत धपाटा बसतो. कारण पालथं सूप म्हणजे काम बंद.

ही रीत माझ्या सासूपासूनची. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीची गोष्ट, पण मला ती इतक्यांनी सांगितली आहे की मी तिथं हजर होते असंच मला वाटतं. आमच्या गल्लीत मराठी घरं आहेत, कानडी आहेत, आणि मशिदीच्या अंगाला उर्दू बोलणारी आहेत. एका नळावर तिन्ही भाषांत भांडण चालतं आणि सगळ्यांना सगळं कळतं. तेव्हा कारखानदारानं पान कमी देऊन बिड्या तेवढ्याच मागायला सुरुवात केली होती आणि काम बंदचं पत्रक काढायचं ठरलं होतं. मजकुराबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण पत्रकावर मराठी वर छापायची की कानडी, आणि उर्दूला जागा उरणार का, यावरून बैठकीत जुंपली. सीमाभागात कुठल्या पाटीवर कुठली भाषा वर यावरून काय काय होतं, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. सगळी बैठक त्यातच गेली आणि कारखानदाराच्या कानावर गेलं तेव्हा तो म्हणे पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी सासू आपलं सूप घेऊन कट्ट्यावर आली. तिनं ते सगळ्यांसमोर पालथं घातलं आणि शेजारी फतकल मारून बसली. म्हणाली, “आता हे कुठल्या भाषेत हाय, सांगा.” दुपारपर्यंत एका गल्लीचं बघून दुसऱ्या गल्लीनं सुपं पालथी घातली होती.

तेव्हापासून नियम ठरून गेला. युनियनचं काम तेव्हा सासूकडं होतं, आता माझ्याकडं आहे. गल्लीत युनियनचं काम जिच्याकडं असेल तिच्या दारात सूप पालथं दिसलं, की आपलंही पालथं घालायचं. आधी थांबायचं, मग विचारायचं. आधी विचारायला गेलं की फाटे फुटतात, आणि तोवर कारखान्यात बातमी पोचते. आणि ज्या बाईसाठी काम बंद झालं असेल, तिनं पहिलं सूप उचलायचं. तिच्या मनासारखं झालं असेल तरच ती उचलणार. दुसऱ्या कुणाला तो हक्क नाही.

आता सगळ्यांच्या हातात फोन आहेत. युनियनचा ग्रुप आहे, त्यावर रोज सकाळी फुलांची चित्रं येतात आणि त्यांच्या गर्दीत कामाचा निरोप कुठं जातो ते कुणालाही सापडत नाही. सुपाचं तसं नाही. ते पुढं ढकलता येत नाही, स्वतःच्या हातानं घालावं लागतं.

आणि आमची सुपं नुसती आमच्या मजुरीसाठी पालथी झाली असंही नाही. गल्लीच्या टोकाच्या शाळेतले शिक्षक काढून घेतले, तेव्हा ती झाली होती. शाळेत शिकणारी निम्मी पोरं आमच्या गल्लीची नव्हतीच, पण शिक्षक परत आल्याशिवाय आम्ही उठलो नाही. नदीला महापूर आला आणि आसपासच्या गावांतली माणसं शाळांमध्ये आणून ठेवली, तेव्हा मात्र उलटं झालं. त्या दिवसांत गल्लीतलं प्रत्येक सूप सरळ होतं आणि भाकरीनं भरलेलं होतं. ज्या सुपात जर्दा असायचा त्यात फडकं टाकून आम्ही भाकऱ्या रचल्या आणि डोक्यावर घेऊन चालत गेलो. त्या छावणीत आमच्या कारखान्यातल्या दिवाणजींची म्हातारी आईही होती. तिला तंबाखूच्या वासानं ठसका लागला, तरी तिनं भाकरी मागून घेतली.

दिवाणजी म्हणजे कारखान्यात आमच्या बिड्या तपासून घेणारा आणि पान देणारा माणूस. आमचं आणि त्याचं रोजचं वाजतं. माणूस वाईट नाही, पण मालकाचं मीठ जरा जास्तच खाल्लेला.

माझ्या मुलाचं लग्न ठरलं बेळगावजवळच्या येळ्ळूरची मुलगी बघून. घरचं भाताचं शेत, मुलगी शिकलेली, टिळकवाडीत एका वकिलांच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करत होती. येळ्ळूर म्हटलं की आमच्याकडं लोकांना आधी सीमाप्रश्नाचा मोर्चाच आठवतो. लग्नाच्या बैठकीत मी व्याह्यांना चिडवलंही, की तुमच्या गावात पोरं आधी घोषणा द्यायला शिकतात आणि मग बोलायला. ते हसले आणि खरं आहे म्हणाले. पाठवणीच्या वेळी मात्र ते माझ्यापुढं हात जोडून म्हणाले, “ईनबाई, पोरगी मोर्च्यात वाढलीया, कामाची हाय. पर घरातलं काय चुकलं-माकलं तर पदरात घ्या.” घेईन की, असं मी म्हणाले. सासू म्हणून तेव्हा तेच म्हणायचं असतं.

पूजा झाली, पाहुणे पांगले. घरात उष्ट्या-खरकट्या भांड्यांचा ढीग होता आणि दळण संपलं होतं. सकाळी मी सुनेला म्हटलं, तू बस, तुझ्या हाताची मेंदी अजून ओली आहे, मी गिरणीतून येते. ती कसली बसते. मी गेल्यावर तिनं मागच्या दारी सगळी भांडी घासून काढली. मग तिची नजर खिळ्यावरच्या माझ्या सुपावर गेली. वर्षानुवर्षांच्या जर्द्यानं ते पार तपकिरी झालेलं होतं. तिच्या माहेरी सूप म्हणजे तांदूळ पाखडायचं, स्वच्छ, लक्ष्मीसारखं जपलेलं. तिला वाटलं, लग्नाच्या गडबडीत सासूला सवड मिळाली नसेल. तिनं ते काथ्यानं घासलं, धुतलं आणि पुढच्या दारी ऊन येतं म्हणून कट्ट्यावर वाळत घातलं. पालथं.

मी डोक्यावर पिठाचा डबा घेऊन गल्लीच्या तोंडाशी आले आणि थबकलेच. सकाळी आमच्या गल्लीत प्रत्येक दारातून पान कापणाऱ्या कात्रीचा आवाज येत असतो. त्या दिवशी काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. पुढं बघते तर दोन्ही बाजूंच्या कट्ट्यांवर सुपं पालथी, आणि बायका हाताची घडी घालून दारात उभ्या. पहिल्यांदा मला वाटलं, दुसऱ्या गल्लीनं काही ठरवलं असेल. काळजी वाटायच्या आधी मला अभिमान वाटला, हे खरं सांगते. एकही सूप सरळ नव्हतं. मी मनात म्हटलं, शाब्बास.

मग मी माझ्या दाराशी आले आणि माझं स्वतःचं सूप बघितलं.

बायका माझ्याकडंच बघत होत्या. एकजण पुढं आली आणि म्हणाली, आक्का, बरं केलंस, आम्ही वाटच बघत होतो. मी मान हलवली. दुसरं काय करणार? सून उंबऱ्यात उभी होती, पदर खोचलेला, हात ओले, तोंडभर हसू. हळूच मला म्हणाली, “आत्या, ह्या सगळ्या मला बघाय आल्यात व्हय?”

मी डबा घेऊन तडक स्वयंपाकघरात गेले. युनियनमध्ये मी उपोषणं बघितली, पोलीस ठाण्याच्या पायऱ्या बघितल्या, वाटाघाटींत दिवसचे दिवस घालवले. पण संप कशासाठी आहे हे पुढारणीलाच ठाऊक नाही, असा संप पहिल्यांदा बघत होते. कुणाला विचारायची सोय नाही. ज्यांना विचारायचं त्या माझ्यावर विसंबून बाहेर उभ्या. शेवटी मी खालाला चहाला म्हणून आत बोलावलं. खाला म्हणजे आमच्या शेजारची सगळ्यात जुनी बिडीवाली. माझ्या सासूच्या मांडीला मांडी लावून तिनं पहिला संप केलेला. तिच्यापुढं कप ठेवत मी साळसूदपणे विचारलं, मग खाला, पुढं कसं करायचं म्हणतेस?

“करायचं काय? पोरीचं नाव परत लावल्याबिगर सूप हलवायचं न्हाय,” खाला म्हणाली. “तुझ्या घरातली हळद उतरंपर्यंत तुला सांगायचं न्हाय, असं आमीच ठरवलंतं. पर तुला कळलंच. तुझ्यापासनं काय लपतंय.”

मग तिच्या बोलण्यातून सगळं बाहेर आलं. समोरच्या दारातली मुलगी मुलाला घेऊन माहेराहून परत आली होती. बाळंतपणाची रजा संपवून ती पान आणायला कारखान्यात गेली, तर दिवाणजी म्हणाले की तुझं नाव कमी झालंय, सासूच्या नावावर पान ने आणि वळ. काम तेच, मजुरी तीच, मग बिघडलं कुठं? तिच्या घरच्यांनाही तेच वाटलं. पण नाव गेलं की फंड गेला, बोनस गेला, दवाखाना गेला, आणि लग्नाच्या आधीपासून ती वळत होती ती सगळी वर्षं पुसली गेली. उद्या पुन्हा नाव लागलं तरी ती नवीनच धरली जाणार. अख्ख्या गल्लीला हे माहीत होतं. माझ्या घरी मांडव होता म्हणून कुणी मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. ती मुलगी स्वतः माझ्याकडं अक्षता टाकायला आली होती, हसून जेवून गेली होती.

मला भडभडून आलं. शेगडीकडं तोंड करून मी डोळे पुसले, आणि मग खालाला खरं काय ते सांगून टाकलं. ती इतकी हसली की चहा तिच्या नाकात गेला. हसणं ओसरल्यावर मात्र म्हणाली, आता काय?

सून दारातच होती. तिनं सगळं ऐकलं होतं आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला होता. ती सूप उचलायला बाहेर धावणार, तोच खालानं तिचं मनगट धरलं आणि सांगितलं की घालायला घातलंस, पण उचलायचा हक्क आता तुझा नाही. मला एकीकडं सुनेची दया येत होती आणि दुसरीकडं बाहेरच्या बायकांची काळजी. गल्लीतल्या बायकांची त्या दिवसाची मजुरी थांबली होती, आणि रोजच्या मजुरीवर चालणारी घरं आहेत आमची. त्याहून मोठी भीती दुसरीच होती. सूप एकदा खोटं पडलं, की पुढच्या वेळी ते कोण मानेल? खालाचं म्हणणं पडलं की आधी काम होऊ दे, मग सांग. मला ते पटेना. ज्या सुपाला न विचारता मानतात, त्याच्याबद्दल लपवाछपवी नको. आत्ताच सांगून टाकते, म्हणत मी बाहेर आले.

आणि बघते तर दिवाणजी दारात उभे.

ते सुपाकडं बघत नव्हतेच. ते सुपाच्या पलीकडं बघत होते. त्याच कट्ट्यावर सुनेनं घासलेली परात, चाळण, दोन पातेली आणि लग्नातला मोठा टोप, सगळं पालथं घालून वाळत ठेवलं होतं. आमच्या बायकांना ते दिसलंच नव्हतं. आमच्या गल्लीच्या बायकांना सूप दिसलं की बाकी काही दिसत नाही.

“आक्का,” दिवाणजी म्हणाले, “आज पातेल्यांनी बी संप केलाय व्हय?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळ्यांनी परातीकडं बघितलं, पातेल्यांकडं बघितलं, आणि शेवटी माझ्याकडं. दिवाणजी आवाज चढवून बोलले नाहीत. उलट समजुतीच्या सुरात त्यांनी सगळ्यांना सांगितलं की नव्या सूनबाईनं भांडी वाळत घातलीत, तिला बिचारीला काय माहीत, कशाला दिवस बुडवता, उचला सुपं आणि कामाला लागा. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. एकीनं वाकून सुपाला हातही लावला. समोरच्या दारात ती मुलगी तान्ह्याला खांद्यावर घेऊन उभी होती. तिनं मान खाली घातली आणि ती घरात जायला वळली. मला तेव्हा जे वाटलं ते अजून विसरता येत नाही. आता हिचं नाव गेलं ते गेलंच, आणि ते माझ्या कट्ट्यावरून गेलं.

दिवाणजींनी सुनेलाच विचारलं, खरं ना गं पोरी, वाळत घातलं होतंस ना?

तिनं माझ्याकडं बघितलं. मी काही खूण केली नाही. खोटं बोल असं मी तिला सांगू शकत नव्हते, आणि खरं बोल म्हणायला जीभ उचलत नव्हती. घरात येऊन आठवडा न झालेली पोर. हातावर मेंदी, गळ्यात नवं डोरलं, आणि अख्खी गल्ली तिच्या तोंडाकडं बघतेय. ती कट्ट्यापर्यंत चालत गेली आणि तिनं सुपाच्या पाठीवर हात फिरवला.

“व्हय,” ती म्हणाली. “सकाळी वाळायलाच घातलंतं. मला हितली रीत ठावं नव्हती. आता वाळलंय.” मग समोरच्या दाराकडं बघून म्हणाली, “आता हे वैनींच्या नावासाठी पालथं हाय. वैनी उचलतील तवाच उचललं जाईल.”

कुणी घोषणा दिली नाही. खाला आपल्या पायरीवर खाली बसली आणि तिनं पाय पसरले, जसं काही दिवसभर तिथंच बसायचं आहे. मग तिच्या शेजारची बसली, मग पलीकडची. ज्या बाईनं सुपाला हात लावला होता तिनं ते होतं तसंच ठेवलं आणि तीही बसली. एकेक दार करत अख्खी गल्ली खाली बसली. उभे राहिलो फक्त दिवाणजी, मी, माझी सून आणि समोरच्या उंबऱ्यात थांबलेली ती मुलगी. मला त्या क्षणी तिच्याबद्दल इतका अभिमान वाटला की मुलाच्या जन्माच्या वेळीही वाटला नसेल. मुलाला हे मी सांगितलंय, त्याला राग आला नाही.

त्यानंतरचं बोलणं आमच्या सवयीचं होतं. दिवाणजी म्हणाले, काम तर देतोच आहोत, नाव कुणाचं यानं काय फरक पडतो. मी त्यांना विचारलं, उद्या तुमचा पगार तुमच्या भावाच्या नावानं निघाला तर चालेल का? तेही शेवटी नोकरच. मी म्हटलं, रजा घेतलेला माणूस आपल्या जागेवर परत येतो, म्हणून तर तिला रजा म्हणतात, नाहीतर काढून टाकलं म्हणा की सरळ. मागून एक बाई पुराच्या वेळचं काढायला लागली, तुमच्या आईला कुणाच्या भाकरी... मी तिला तिथंच थांबवलं. भाकरीचं नाव काढून हक्क मागायचा नसतो. भाकरी दिली ती दिली. हे आमचं आहे म्हणून आम्ही मागतोय.

तेव्हा ती मुलगी पुढं आली. मूल तिच्या खांद्यावर झोपलं होतं, म्हणून ती हळू आवाजात बोलली, पण गल्ली इतकी शांत होती की टोकाला ऐकू गेलं. “बिड्या मी वळायच्या आन् नाव आत्यांचं. मी मेले तर कोण मेलं म्हणून लिवणार तुमी?”

दिवाणजींनी चप्पल सरकवली, फोन कानाला लावला आणि ते गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेले. तिथून परत आले, परत गेले. मालकाशी काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. कायदा आमच्या बाजूचा होता हे मालकाला आमच्याइतकंच ठाऊक असणार. आम्ही गप्प बसतो का, एवढंच त्याला बघायचं होतं. ऊन कट्ट्यावरून उतरायला लागलं तेव्हा दिवाणजी आमच्या दाराशी आले आणि त्या मुलीला म्हणाले, “चल, पान घेऊन जा. तुझ्या नावावर.” मी विचारलं, जुन्या नावावर की नव्या? ते वैतागून म्हणाले, जुन्याच, आक्का, जुन्याच, सगळी वर्षं धरून.

बाळ तिनं कुणाच्या हातात द्यावं? माझ्या सुनेच्या दिलं. सून ते धरून अवघडून उभी राहिली आणि बाळानं तिची नवी साडी भिजवली. ती मुलगी कारखान्यात जाऊन आली. काखेत पानाचा पुडा होता. तोंडावर काही नव्हतं, ना हसू ना रडू. ती सरळ आमच्या कट्ट्याशी आली, वाकली, आणि तिनं माझं सूप उचलून सरळ केलं. मग पुड्यातली चार पानं काढून त्यात ठेवली. गल्लीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुपं उचलल्याचा आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, आणि थोड्या वेळानं पहिली कात्री वाजली. बुडालेल्या दिवसाबद्दल मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. सुनेला मात्र पुढं कितीतरी दिवस नळावर विचारत होते, आज भांडी घासलीस का गं, का आम्ही कामाला बसू?

माझ्या सुपाचा जर्द्याचा वास त्या दिवशी गेला तो पूर्वीसारखा पुन्हा भरला नाही. दुसरं घ्या म्हणून सून मागं लागते. मी काही घेत नाही.

ती आता युनियनच्या ऑफिसात बसते. बायकांची कामं बघते, वकिलांकडं शिकलेलं तिथं उपयोगी पडतं. अजून बिडी मात्र तिला नीट वळता येत नाही. तिची बिडी पोटात फुगते. खालाला ती बघवत नाही.

गल्ली बंद पडली त्या संध्याकाळी येळ्ळूरहून व्याह्यांचा फोन आला. शेतातून नुकतेच आले असावेत, मागं बैलाच्या घुंगरांचा आवाज येत होता. इकडचं तिकडचं विचारून झालं, आणि मग त्यांनी भीत भीत विचारलं, पोरगी रुळली का, काही चुकलं-माकलं नाही ना तिच्याकडून.

“चुकली की,” मी म्हटलं. “आज दिवसभर गल्ली बंद पाडली तिनं.” आणि मी त्यांना सुपापासून सगळं सांगितलं.

मला वाटलं, बिचारे घाबरतील. त्यांनी एवढंच विचारलं,

“ईनबाई, मग मागणं मान्य झालं का?”

झालं, मी म्हटलं. तिचं नाव लागलं, सगळी वर्षं धरून.

“मग पोरगी चुकली कुठं?” ते म्हणाले.